हिराबायच्या टोपलीतले पैलवान

आमच्या घरात कापायची दोन कामं चालत. बाबा स्टेन्सिल कापत आणि आई पैलवान कापायची. बाबांचं काम खिडकीखालच्या लाकडी पेटीवर. मेणाचा निळसर कागद, त्यावर लोखंडी टोकाची लेखणी आणि प्रत्येक काना-वेलांटीला होणारा खर्र असा बारीक आवाज. युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्याच्या रुळावर तो कागद चढला की ओल्या शाईची पत्रकं एकामागून एक बाहेर पडत. माझं अक्षर बाबांपेक्षा वळणदार, म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षापासून बरीचशी स्टेन्सिलं मीच कापली. वाचायलाही मी पत्रकांवरच शिकले. ‘टाळेबंदी’, ‘बडतर्फ’, ‘निषेध’ हे शब्द मला ‘परी’ आणि ‘राजपुत्र’ यांच्या आधी लिहिता येत होते, आणि त्याचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे. पत्रक लिहून झालं की बाबा त्यातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारत, “हे कशावर उभं आहे? तू पाहिलंस, की कुणी सांगितलं?” आणि शेवटी, “खाली नाव कुणाचं?” नाव नसलेलं पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, असं ते म्हणत. त्यांच्या स्वतःच्या कारखान्याला तेव्हा टाळं लागलेलं होतं आणि रोज सकाळी ते गेटवर जाऊन बसत.

आईचं काम पडवीत. मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आमची दहा खोल्यांची बैठी चाळ होती. वारा फिरला की कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा वास यायचा, आणि त्या वासावरून बायका कुठल्या कंपनीची पाळी चालू आहे ते सांगायच्या. कुंपणापलीकडच्या एका शेडमध्ये पाटकर शेठ प्लास्टिकचे पैलवान पाडायचे. बोटाच्या दोन पेरांएवढे, कातडीच्या गुलाबी रंगाचे, दाबले तर रबरासारखे मऊ. मूळ माल जपानचा. तिकडच्या चित्रकथांमध्ये म्हणे कुस्ती खेळणाऱ्या अचाट माणसांच्या गोष्टी असत आणि त्यातला एकेक गडी मुलं खेळण्याच्या रूपात गोळा करत. पाटकरांचा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता, त्याने पिशवीभर आणलेले. शेठनी त्यांच्यावरून साचे करून घेतले आणि एकेक पैलवान पोंग्यांच्या पाकिटात घालून विकायला सुरुवात केली. मूळ चित्र कुणाचं, हक्क कुणाचा, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. साऱ्या जगाच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या माझ्याही नाही, हे इथे लिहायला हवं.

त्या पिशवीबरोबर चित्रकथेची काही पानंही आली होती. शेठनी ती शेडच्या दाराशी चिकटवली होती. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असतात हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमच्या वाचनात पैलवान आधी आडवा पडलेला असायचा, मग मार खायचा आणि सगळ्यात शेवटी ऐटीत आखाड्यात शिरायचा. हिराबाय म्हणायची, “बरा हाय. हरल्याव बी मिजास जात नाय.”

हिराबाय आगऱ्यांची, मूळ गावठाणातली. वसाहत झाली त्या जमिनीत तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं. पाटकरांची शेड नेमकी कुठल्या बांधावर उभी आहे ते ती हात करून दाखवायची, पण रडगाण्यासारखं नाही, पत्ता सांगितल्यासारखं. साठीची असेल. दुपारची जेवणं उरकली की ती तांदळाच्या भाकरीत सुकट गुंडाळून घेऊन आमच्या पडवीत यायची आणि अगदी डाव्या टोकाला बसायची. ती डावखुरी होती. मध्ये बसली तर तिचं कोपर शेजारणीला लागायचं आणि ब्लेडच्या कामात ते बरं नाही. काम असं की साच्याच्या दोन फाळी जिथे जुळतात तिथे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहतो. पैलवानाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, कमरेवरून तो फिरलेला असतो. दाढीचं अर्धं ब्लेड, त्याच्या एका अंगाला गुंडाळलेली चिंधी, आणि अंगठ्यावर पैलवान दाबून तो पापुद्रा उतरवायचा. पाच-सहा बायका बसल्या की रवंथ करणाऱ्या गुरांसारखा एक मऊ, एकसारखा आवाज पडवीभर चालायचा. आई मधूनच उठून चहा टाकायची. शनिवारी कुळथाचं पिठलं असायचं, आणि हिराबाय त्यात भाकरी मोडून आईला चिडवायची की तुम्हा तळकोकणातल्या माणसांना मासळी पचत नाही म्हणून ती घोड्याचं खाणं खातात.

प्रत्येकीच्या टोपलीच्या कडीला आपापल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. हिराबायची हिरवी. शेडमधला पोऱ्या त्या चिंधीवरून टोपली ओळखायचा. बायकांना मात्र चिंधी लागत नसे. कापलेला पैलवान बोटांत फिरवला की त्या सांगायच्या हा कुणाचा. ब्लेड कुठून आलं, कुठे उचललं, काप कुठल्या बाजूला उतरला, यावरून. भाकरीवर उठलेल्या बोटांवरून ती कुणी थापली हे घरातल्या माणसाला कळतं, तसं. पैलवानांना त्यांनी नावंही दिली होती. कुलुपासारख्या तोंडाचा तो रेशनवाला. दुधीभोपळ्यासारखा लांबोळका तो एकीचा दीर. पोटाला दार असलेला एक होता, त्याला त्या ‘आमचे हे’ म्हणायच्या आणि जी ती दुसरीकडे बघून हसायची.

दोन नियम होते. एक बायकांचा. नवा पैलवान आला की त्याचा एक नमुना यायचा, आणि जिने ती टोपली सुरू केली तिने तो पदराच्या गाठीत ठेवायचा. शंका आली की गाठ सोडून बघायचं. दुसरा नियम शेठचा. मालाला पोराचा हात लागता कामा नये. ज्या घरातलं पोर हात लावेल त्या घराची टोपली बंद. त्याला कारण होतं. मानपाड्यापासून डोंबिवली स्टेशनपर्यंत सगळी पोरं या पैलवानांनी वेडी झाली होती. डब्याचं पत्र्याचं झाकण उलटं ठेवायचं, त्यावर दोघांचे दोन पैलवान उभे करायचे आणि बोटांनी पत्रा वाजवायचा. आधी आडवा होईल तो गेला. जिंकणाऱ्याने खिशात घालायचा. सुटीभर गल्लीत त्या पत्र्यांचा ताशा चाललेला असे. मी असल्या पोरखेळापासून दूर राहत असे. निदान तसं दाखवत असे. खरं म्हणजे माझ्याकडे एकही पैलवान नव्हता आणि मला सगळे तोंडपाठ होते. पुढच्या महिन्यात कोण येणार हे विचारायला मोठमोठे मुलगे माझ्यामागे फिरायचे, आणि मी सांगत नसे.

त्या दिवशी हिराबायच्या भाचीची हळद होती, कळव्याला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. ती जायचीच होती, पण सकाळी नव्या पैलवानाची टोपली आली, तिने चार-दोन कापले आणि दुपारी मला म्हणाली की टोपलीवर जरा नजर ठेव, मी सांजेला येऊन घेते. आई रॉकेलच्या रांगेत गेली होती. बाकीच्या बायका आज आल्या नव्हत्या. पडवीत मी, ती टोपली आणि ब्लेड. मला वाटलं, म्हातारी दमून येईल, तिचं काम करून ठेवावं. असं वाटलं हे खरं आहे. पण माझे हात कधीचे शिवशिवत होते, हेही खरं आहे. मी बसले आणि कापायला लागले. नव्या पैलवानाच्या डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत एक पातळ पट्टी उभी होती, अगदी पापुद्र्यासारखी, पापुद्र्याच्याच रेषेवर. ती मी मुळापासून उतरवली. एकाची, दुसऱ्याची, सगळ्यांची. हिराबायने सकाळी कापलेल्या चार-दोघांच्या डोक्यावरही ती होती, मला वाटलं तिच्याकडून राहून गेली. डोकी अशी गुळगुळीत झाली की हात फिरवत राहावं. टोपली संपेपर्यंत मी उठले नाही. उतरलेला कचरा सगळा चुलीखाली लोटला. संध्याकाळी हिराबाय हळदीने पिवळी होऊन आली, अंधुक उजेडात तिने टोपली उचलली, “केलास का गो सगला?” म्हणून माझ्या गालाला हळदीचा हात लावला आणि घरी जाता जाता शेडमध्ये टाकून गेली.

ती पट्टी म्हणजे पैलवानाचा तुरा होता. नमुना हिराबायच्या पदराच्या गाठीत बांधलेला होता आणि दुपारभर कळव्याला नाचत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटकर शेठ स्वतः पडवीत आले. एका हातात हिरव्या चिंधीची टोपली आणि दुसऱ्या हातात पोंग्यांच्या पाकिटाचा नवा कागद, ज्यावर तुरेवाला पैलवान छापलेला. ते ओरडले नाहीत. त्यांनी टोपली सगळ्यांच्या मध्ये ओतली. गुलाबी, बोडक्या डोक्यांचा ढीग झाला. “म्हातारे, तुला दिसत नाही तर सांगायचं होतंस,” ते म्हणाले. “आंधळ्या माणसाच्या हातात मी ब्लेड कशाला देऊ?”

मी दारात उभी होते. हिराबायने ढिगातला एक पैलवान उचलला, डोळ्यांजवळ नेलाच नाही. अंगठा त्याच्या डोक्यावरून एकदा फिरवला आणि थांबली. मग खाली ठेवला. आईनेही एक उचलला. तिनेही ठेवला. बाकीच्यांनीही एकेक बोटांत फिरवून पाहिला. “चुकला शेठ,” हिराबाय म्हणाली. “नजर चुकली.” तिने ब्लेडची चिंधी सोडली, नमुन्याची गाठ सोडली, दोन्ही वस्तू आईपुढे ठेवल्या आणि उठून गेली.

ती गेल्यावर डाव्या टोकाची जागा तशीच राहिली. तिथे कुणी सरकलं नाही. दोन दिवसांनी कळलं की हिराबायच्या सुनेने तिला विळीवरही बसू द्यायचं बंद केलं, दिसत नाही तर हात कापून घ्याल म्हणून. ज्या बाईने आयुष्यभर कोयत्याने भात कापलं आणि मासळी साफ केली तिला ओट्यावर बसवून ठेवलं होतं, आणि येणारा-जाणारा डोळ्यांना काय झालं म्हणून विचारत होता. मी शाळेतून येताना वाट बदलायला लागले.

आणि मी काय केलं? मी पत्रक लिहिलं. आज मला त्या मुलीची कीव येते आणि रागही येतो. पण तिची भाषा चांगली होती हे मान्य करायला हवं. ‘ज्यांच्या शेतावर शेड उभी आहे त्यांनाच आंधळं ठरवून हाकलणाऱ्या मालकाचा धिक्कार असो.’ असं मी सुरुवातीलाच लिहिलं होतं. म्हाताऱ्या हातांचा अपमान, कामाचा ताण, पडवीतला अपुरा उजेड, एकही वाक्य लटकं नव्हतं. लिहिताना माझे कान तापले होते आणि मला खरंच वाटत होतं की मी हिराबायसाठी लढते आहे. रविवारी दुपारी ते मी बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर त्यांचा चेहरा उजळला, मला अजून दिसतो तो. गेटवर बसून बसून काळवंडलेला चेहरा. मग त्यांनी सवयीने बोट ठेवलं.

“‘या चुकीत हिराबाईंचा काडीचाही दोष नव्हता.’ हे कशावर उभं आहे?”

मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे ती किती चांगलं काम करते.

“ते तिचं कौतुक झालं. त्या दिवशी तिच्या हातून चूक झाली नाही, हे तुला कसं माहीत? पाटकर हेच विचारणार. तू पाहिलंस?”

मला ‘हो’ म्हणता येत होतं. तेवढं एक अक्षर, आणि पत्रक निघालं असतं, माझ्या नावाने. मी पेटीवरच्या लेखणीकडे बघत राहिले. बाबा थांबले होते, त्यांना घाई कधीच नसे.

“मी कापले,” मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. टोपली, हळद, तुरा, सगळं. त्यांनी चष्मा काढला. ते काही बोलायच्या आत आई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तिने कापले ते. सगळ्यांना माहीत आहे. काप उजव्या हाताचा आहे. हिराबायच्या हाताने तो पडणारच नाही. तिने तर नुसता अंगठा फिरवून ओळखलं.”

“आणि तू गप्प बसलीस?”

आईने तव्यावरची भाकरी उलटली. “पोराचा हात लागला म्हणून टोपली गेली असती. तुमचं गेट बंद आहे.”

जगातल्या प्रत्येक वाक्याला ‘कशावर उभं आहेस’ विचारणारा माणूस त्या एका वाक्यापुढे खाली बघत राहिला. आमचं घर कशावर उभं होतं ते आईने सांगितलं होतं: हिराबायच्या गप्प बसण्यावर. मी रडायला लागले तेव्हा आई रागावली नाही आणि जवळही आली नाही. तिने सांगितलं की पहिल्या दिवसापासून मी वाट बघतेय, तू कधी तोंड उघडतेस. आज तू सांगितलं नसतंस तरी उद्या मी शेठकडे जाणार होते. हे शेवटचं खरं होतं की माझ्यासाठी बोललं गेलं, ते मला कधी कळलं नाही. बाबांनी माझं पत्रक चार घड्या घालून पेटीत ठेवलं. फाडलं नाही.

सोमवारी मी आणि आई शेडमध्ये गेलो. यंत्राचा दणका चालू होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं, आणि जे कुजबुजत सांगायचं ते ओरडून सांगणं फार अवघड असतं. पाटकरांनी दोनदा ऐकलं. मग माझा उजवा हात धरून पालथा करून बघितला, जणू तोही साच्यातून निघालाय. “काय साफ कापलेस गं,” ते म्हणाले. “मोठी झालीस की ये.” आईला म्हणाले, “वहिनी, नियम तुम्हाला माहीत आहे.” आई म्हणाली, माहीत आहे, पण हिराबायला बोलवा, आणि तुम्ही तिला आंधळी म्हणालात ते पडवीत येऊन मागे घ्या. आमची टोपली बंद झाली. हिराबायला बोलावणं त्यांनी त्याच दिवशी पाठवलं. शब्द काही मागे घेतला नाही.

हिराबायच्या ओट्यावर मी एकटी गेले. तिने पुरतं बोलूही दिलं नाही. कापले कुणी आणि मी कशाला आले, दोन्ही तिला ठाऊक होतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिचा राग एकाच गोष्टीचा होता. “वाट बदललीस ती कनाला?” ती म्हणाली. “कापलास तो कापलास. पन रोज समोरून जात ऱ्हायाचा ना. मना वाटला, पोरगी पन गेली.” आजही माझ्या हातून काही चुकलं की मला ती बदललेली वाट आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन आली. बायका बसल्या होत्या, डाव्या टोकाची जागा मोकळी होती. आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. रिकामे हात तिला ठेवता येत नसत. हिराबाय तिच्या जागेवर गेली नाही. तिने हिरव्या चिंधीची टोपली आणून आईच्या आणि आपल्या मध्ये ठेवली, आईच्या डाव्या अंगाला बसली, आणि कमरेला खोचलेली दोन अर्धी ब्लेडं काढली.

“घे गो बाय,” ती म्हणाली. “शेठ सांगतो माजी नजर गेली. मंग दुसऱ्याची नजर नको काय?”

आईने एक ब्लेड घेतलं. कुणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने तो मऊ, एकसारखा आवाज पुन्हा पडवीभर सुरू झाला. बाबांच्या गेटचं टाळं निघेपर्यंत हे असंच चाललं. हिरव्या चिंधीच्या टोपलीत निम्मे काप डावे असत आणि निम्मे उजवे. हे खोटं होतं, दुसऱ्याच्या नावाखाली केलेलं काम होतं, आणि मी तेव्हा ज्या तत्त्वांसाठी जीव द्यायला तयार होते त्यांत ते कुठेच बसत नव्हतं. आजही बसवता येत नाही. बाबा संध्याकाळी गेटवरून यायचे, पडवीतली ती टोपली ओलांडून आत जायचे, आणि त्या एका गोष्टीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही की खाली नाव कुणाचं.

माझा भाचा सांगतो की हे पैलवान जगभर माणसं अजून गोळा करतात, त्यांच्या याद्या असतात, नंबर असतात. माझ्याकडचा एक बघून तो म्हणाला की याचा तुरा तुटलाय. मी म्हटलं, तुटला नाही, मी कापलाय. त्या दिवशी शेठ गेल्यावर ढिगातला एक आईने जपून ठेवला होता, तो माझ्याकडे आला.

पण मला पाटकर आठवतात. पावसाळ्याच्या तोंडाशी ते एकदा पडवीत आले. आईने आधीच ब्लेड पदराखाली घेतलं होतं आणि ती तांदळाच्या सुपाकडे वळली होती. शेठनी हिराबायच्या टोपलीत हात घातला आणि मूठभर पैलवान तळहातावर घेऊन उजेडात धरले. एकेक फिरवून बघितला. डोकी, खांदे, कमरा. सगळे तुरे जागच्या जागी होते.

“सुधारली की गं नजर, म्हातारे,” ते म्हणाले.

“व्हय शेठ,” हिराबाय म्हणाली. “आता दोन-दोनदा बगतंय.”

त्यांनी मूठ टोपलीत रिकामी केली आणि पुढच्या बाईकडे गेले. त्या तळहातावर आईचा काप होता आणि हिराबायचा काप होता, शेजारी शेजारी, कुठल्याही पत्रकाइतका स्पष्ट. पडवीतल्या प्रत्येक बाईला तो बसल्या जागेवरून वाचता येत होता. दारात उभं राहून मलाही, आता.